पोराला कुठल्या भाषेत तपासलं, ते आधी विचारा

ताई, मुलगा साडेतीन वर्षांचा, घरी सगळं मराठीच, गाव कर्नाटकातल्या खानापूरच्या बाजूचं, आणि अंगणवाडीत आलेल्या पथकानं 'भाषेत मागे' लिहून वर वजनही पिवळ्या पट्ट्यात दाखवलं. तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. आमच्या धाकटीचं अगदी असंच झालेलं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे आईच्या अनुभवाचं बोलणं समजा.

वजनाचं आधी उरकते. पिवळा पट्टा म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी, एवढंच. पोर मुळात बुटकं आहे म्हणून कमी भरतंय, की अलीकडे आजारपणात वाळलंय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी उंची घ्यावी लागते आणि उंचीच्या मानानं वजन बघावं लागतं. दंडाचा घेर मोजायची पट्टीही लावून घ्या: साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर त्याच दिवशी दवाखाना, साडेअकरा ते साडेबारा असेल तर लक्ष ठेवायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजतात, पुढचं उभं करून. झोपवून मोजलं की साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. त्यामुळं जुना आकडा आडवा आणि नवा उभा असेल तर वाढ उगाच खुंटलेली दिसते. स्वेटर-बूट काढून वजन करा, हे सांगायला नकोच.

आता भाषेचं. आमच्या पोरीला तपासणाऱ्या बाईंनी नाक दाखव, कान दाखव, हे चित्र कशाचं, सगळं कन्नडात विचारलं. पोरगी गप्प. मग काय, 'विलंब'! तुमच्याकडेही तसंच झालं असेल तर तो शेरा घरच्या भाषेत तपासून घेतल्याशिवाय मानू नका. दोन भाषा कानावर पडतात म्हणून मूल बोलण्यात मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. खरा विलंब असेल तर तो मराठीतही दिसणारच.

पण आम्हाला महागात पडलं ते पुढंच. शेरा घेऊन आम्ही ज्या कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, बेळगावकडचे ओळखतील) तिथले साहेब कार्ड बघून हसले. "घरी मराठी ना? मग असंच होणार. शाळेत गेली की बोलेल," म्हणाले, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिलीच नाही. पुन्हा गेलो तर "सांगितलं की तुम्हाला." मराठी बोलणं हाच जणू आजार, आणि औषध काय तर कन्नड शाळा! पोरगी टीव्ही मोठ्यानं लावायची, मागून हाक मारली तर वळायची नाही, सर्दी कायमची. हे सगळं मी त्यांना सांगितलेलं. शेवटी खासगीत कानाच्या डॉक्टरांनी पडद्यामागं पाणी साचल्याचं सांगितलं. पोरीला अर्धंमुर्धंच ऐकू यायचं, म्हणजे मराठीही धड पोचत नव्हतं. त्या साहेबांनी एक चिठ्ठी लिहिली असती तर हे कितीतरी आधी कळलं असतं. अजून आठवलं की डोकं तापतं.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: बोलण्याची शंका आली की सगळ्यात आधी कान. टाळी वाजवून, चुटकी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. हवेचा झोत, सावली, हात हलणं, कशानंही मूल वळतं. ऐकण्याची रीतसर चाचणी करा आणि पडद्यामागचं पाणी बघणारी वेगळी चाचणीही मागून घ्या. कधी कमी, कधी बरं ऐकू येत असेल तर एका दिवसाच्या निकालावर निर्धास्त होऊ नका.

पथकावर मात्र राग धरू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा बघायचं ठरलंय: जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब. ती चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या मुलाला पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, ही त्यांची रीतच आहे. तेव्हा चिठ्ठी मागायला लाजू नका. देत नसतील तर "देत नाही असं लिहून द्या" म्हणा. भांडू नका, तेवढंच वाक्य पुन्हा म्हणा.

जाताना मुलाचा मोबाईलवर व्हिडिओ न्या, घरी आजीशी बोलतानाचा. परक्या खोलीत पोरं तोंड उघडत नाहीत. या वयात तीन-चार शब्दांची वाक्यं यायला हवीत, आणि बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळायला हवं. गोल बघून गोल काढतो का, जिना चढतो का, इतर पोरांत मिसळतो का, तेही लिहून न्या. फक्त भाषाच मागे असेल तर एक वाट, सगळंच मागे असेल तर दुसरी. आधी येत असलेले शब्द बोलणं बंद झालं असेल तर मात्र कशाचीही वाट न बघता बालरोगतज्ज्ञ गाठा. आणि मुलगा दिवस भरायच्या आधीच जन्मलेला असेल तर तेही सांगा.

शेजारीण "मुलगे उशिराच बोलतात" म्हणेल. म्हणू दे. कानाचा रिपोर्ट आला की इथंच लिहा, पुढचं बघू.