पाटीवरच्या पेन्सिलीचे डोहाळे

प्रश्न : माझे वय २६ असून पहिल्या खेपेचा पाचवा महिना चालू आहे. उलट्या थांबल्यापासून पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. दुपारी घर निजले की पुतण्याच्या दप्तरातली पेन्सिल काढून खाते. डोहाळे पुरवलेच पाहिजेत असे सासूबाई म्हणतात, पण त्यांना पेन्सिलीचे ठाऊक नाही, आणि शेंगाचटणी मात्र उष्ण पडते म्हणून त्यांनी बंद केली आहे. बेंबीखाली काळसर रेघ उमटली आहे, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. हे सारे ठीक आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पेन्सिलीविषयी मोकळेपणाने लिहिलेत हे बरे केलेत, कारण ही गोष्ट बहुतेक स्त्रिया डॉक्टरांपासूनही लपवतात. पेन्सिल, खडू, भाजलेली माती, राख, कच्चे तांदूळ किंवा सतत बर्फ चघळावासा वाटणे याचा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी जवळचा संबंध आढळतो. अंगात चुना कमी पडला म्हणून पेन्सिल खावीशी वाटते, हा समज मात्र चुकीचा आहे. उलट असे पदार्थ पोटात गेले की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. शिवाय मातीतून जंतांची अंडी आणि शिशासारखे विषारी धातू पोटात जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हा डोहाळा पुरवण्याचा नव्हे, रक्त तपासून घेण्याचा आहे.

दुसऱ्या तिमाहीत रक्तातील द्रवाचे प्रमाण तांबड्या पेशींपेक्षा अधिक वेगाने वाढते, म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक असते. पण ते १०.५ ग्रॅमच्या खाली गेले, तर उपचार लागतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, आणि ती चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. आपल्याकडे ही गोळी बहुधा जेवणानंतरच्या चहाबरोबर घेतली जाते आणि तिचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. ती चहापासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी, लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर उत्तम. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर मात्रा किती वाढवायची हे डॉक्टरच ठरवतील; त्यांना पेन्सिलीचेही सांगा.

शेंगाचटणीवर मात्र अन्याय झाला आहे. शेंगदाण्यात प्रथिने असतात, आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी चमचाभर, दह्यात कालवून कडक भाकरीबरोबर खाण्यात काही गैर नाही. वाढत्या गर्भाशयाच्या दाबाने आणि संप्रेरकांमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, म्हणून तिखटाने छातीत जळजळ होऊ शकते. ती होत असेल तर रात्री चटणी टाळावी आणि जेवून लगेच आडवे होऊ नये. रक्तदाब वाढलेला असेल, तर तिच्यातल्या मिठाविषयी डॉक्टरांना विचारावे. सासूबाईंना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

काळी रेघ संप्रेरकांमुळे त्वचेतले रंगद्रव्य वाढल्याने उमटते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकट होते. तिच्यावरून किंवा आंबट-गोड डोहाळ्यांवरून मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही, हे कुणी विचारण्याआधीच सांगून ठेवते. बाळाची पहिली हालचाल पहिल्या खेपेस साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते. २४ आठवडे झाले तरी जाणवली नाही, तर दाखवून घ्यावे. अंगावरून रक्त जाणे, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हिरड्या गरोदरपणात सुजून नाजूक होतात, म्हणून दात घासणे सोडू नये, मऊ ब्रश वापरावा. दाताचे काही काम करून घ्यायचे असेल, तर पाचवा-सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. दंतवैद्यांना गरोदर असल्याचे आधी सांगावे, म्हणजे औषध आणि भूल ते त्या हिशेबाने निवडतील.