ताबा, करार आणि ‘सगळे असंच करतात’

घर भाड्याने देणं-घेणं आणि विकत घेणं यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘एजंट म्हणाला’ हे शब्द आहेतच. एजंटाचं कमिशन व्यवहार उरकला की मिळतं, तो नीट झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, असं एजंट म्हणाला. मी घरमालक आहे. चालेल का? (कोथरूड)

नाही चालणार. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायचा, असा केंद्राचा नोंदणी कायदा आहे. त्यातून बाहेरच्या राज्यांत अकरा महिन्यांची पळवाट निघाली आणि ऐकीव माहिती म्हणून ती आपल्याकडे येऊन पोहोचली. महाराष्ट्रात १९९९चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याहून मोठी गोम पुढे आहे: वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं.

नोंदणी टाळून वाचवता किती? २५,००० भाडं, एक लाख परतीचं डिपॉझिट आणि अकरा महिने असा हिशेब केला तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १,०००. हल्ली घरबसल्या अंगठा देऊन नोंदणी होते. मसुदा मात्र वकिलाला दाखवा. एजंटाकडच्या तयार मसुद्यात मागच्या भाडेकरूचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे.

भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हे खरं का? (नाशिक)

नाही. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल (म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेला) ताबा ठरत नाही. करार वेळच्या वेळी नवा करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे कायदेपंडित म्यूट करा.

फ्लॅट भाड्याने दिल्यापासून सोसायटी महिन्याला १,५०० रुपये ‘नॉन-ऑक्युपन्सी’ (मालक स्वतः राहत नाही) म्हणून लावते. वर कमिटीची एनओसी घ्या म्हणते. (ठाणे)

१ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं. सेवाशुल्क म्हणजे अख्खं बिल नव्हे. महापालिकेचा कर, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड त्यात धरत नाहीत. तुमचं बिल ४,२००चं आणि त्यात सेवाशुल्क २,६०० असेल, तर महिन्याला २६० द्या. सोसायटीला नोंदलेल्या कराराची प्रत द्या, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरा. त्यासाठी एनओसीची वाट बघायचं कारण नाही. आधी सचिवांना लेखी पत्र, पोच घेऊन. मग उपनिबंधक, सहकारी संस्था.

बिल्डरचं पत्र आलंय: ‘फिटआउटसाठी (आतल्या फर्निचरच्या कामासाठी) ताबा’ घ्या, उरलेले पैसे आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स भरा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) महिनाभरात येईल. शेजारच्या विंगमधले लोक राहायलाही गेले. आमचं भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू आहे. चावी घेऊ का? (रावेत)

घेऊ नका. हा प्रश्न कधी वाकडहून येतो, कधी डोंबिवलीहून, आणि ‘शेजारचे राहायला गेले’ हे वाक्य त्यात ठरलेलं असतं.

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे इमारत झाली आहे, तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिकेनं दिलेलं पत्र. त्यामागे अग्निशमन, ड्रेनेज, पाणी, लिफ्ट अशा खात्यांचे दाखले असतात. ते अडलंय म्हणजे यातलं काहीतरी अडलंय, किंवा नकाशाबाहेर बांधकाम झालंय. काय अडलंय ते बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी सांगणार नाही. महापालिकेच्या बांधकाम खात्यात माहिती अधिकारात अर्ज टाका आणि महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं स्वतः उघडून बघा.

१९६३च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या राज्य कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. रेरा या केंद्राच्या स्थावर संपदा कायद्यातही तुम्ही ताबा घ्यायची दोन महिन्यांची मुदत भोगवटा प्रमाणपत्रानंतर सुरू होते. ‘फिटआउट’ नावाचा ताबा या दोन्ही कायद्यांत नाही. तो बिल्डरच्या सोयीसाठी निघाला आहे, आणि सोय कसली ते त्याच पत्राच्या शेवटच्या पानावर, सही करायच्या जागेच्या वर, बारीक अक्षरांत सापडेल: ‘सदनिकेचा ताबा मिळाला असून विलंबाबाबत अथवा अन्य कोणतीही तक्रार नाही.’ या एका ओळीसाठी एवढा खटाटोप. शेवटचा हप्ता वसूल, मेंटेनन्स सुरू आणि उशिराचं व्याज मागायची तुमची बाजू लंगडी. मॉड्युलर किचन बसवून झाल्यावर तुम्ही भांडायला जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

राहायला गेलात की पाणी टँकरचं. वीज कित्येकदा बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर. पुढे विकायला काढा, घेणाऱ्याची बँक पहिला कागद मागते तो ओसी. आणि अगदी टोकाला काय होतं ते वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने दाखवलं आहे. पाच-सहा मजल्यांची परवानगी असताना तिथे वीस मजल्यांपर्यंत इमारती चढल्या, लोक भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वर्षानुवर्षं राहिले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. तिथल्या लोकांनाही कधीतरी ‘लवकरच येईल’ असंच सांगितलं गेलं असणार.

भाडं आणि हप्ता दोन्ही भरणं किती जड जातं ते मला कळतं. म्हणूनच करारातली ताब्याची तारीख उलटली असेल तर गप्प बसू नका. रेराच्या कलम १८प्रमाणे उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरहून (कर्जाच्या व्याजाचा पायाभूत दर) २ टक्के जास्त. आज करायचं ते एवढंच: ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा घेऊ’ असं ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा, बिल्डरच्या कुठल्याही कागदावर सही करू नका आणि करारनामा घेऊन रेराची प्रकरणं चालवणारा वकील गाठा. तुमच्या विंगपुरतं अंशतः भोगवटा प्रमाणपत्र आलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण ते हातात घेऊन, विंग आणि मजला वाचून खात्री करा.

सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो तर ‘आजच पाच लाख टोकन भरा, सोमवारपासून रेट वाढतोय’ म्हणाले. (खारघर)

सोमवारी पुन्हा जा, रेट तोच असेल. नव्या प्रकल्पात करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. त्याच्या आतलं जे द्याल ते चेकनेच द्या आणि व्यवहार फिसकटला तर परत काय मिळणार हे बुकिंग फॉर्मवर आधी वाचा.

फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला तर बायकोमुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळेल ना? (चिंचवड)

नाही, खरेदीदार फक्त महिला असतील तरच मिळते. सूट मिळवायला स्वतःचं नाव काढण्याआधी कर्ज कोण फेडणार ते सीएशी बोलून घ्या.

आमचे घरमालक न्यू जर्सीत असतात. भाडं थेट त्यांच्या खात्यात जातं. ते म्हणतात, टॅक्सचं मी बघतो. (बाणेर)

त्यांनी त्यांचं बघावं, तुमचं तुम्ही बघा. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, रक्कम कितीही कमी असो. साधारण दर सेससह ३१.२ टक्के. मालकाने आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तर त्याप्रमाणे कापा. मागचं राहिलं असेल तर याच महिन्यात सीएकडे जा.

करार मार्चमध्ये संपला. भाडेकरू ‘मुलाची परीक्षा होऊ दे’ म्हणाला, मग ‘गणपती होऊ देत’. आता फोन उचलत नाही. लाइट तोडू का? (सोलापूर)

अजिबात नाही. पाणी-वीज तोडलीत तर दावेदाराचे तुम्ही आरोपी व्हाल. करार नोंदवलेला असेल तर तुमची बाजू चांगली आहे: भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. मात्र मार्चनंतरही तुम्ही दर महिन्याला भाडं घेऊन पावती देत असाल, तर समोरचा वकील मुदत वाढली म्हणेल. म्हणून पुढचं भाडं स्वीकारण्याआधीच करार, पावत्या आणि फोनवरचे मेसेज घेऊन वकिलाला भेटा. नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे. दिवाळीची वाट पाहू नका.