'टच ऑफ ईव्हिल' या चित्रपटाची कोणती आवृत्ती आधी पाहावी? डिस्कवर तीन दिसतात.

1998 ची, सुमारे 111 मिनिटांची. हे डिस्कच्या कंपनीने विक्रीसाठी वाढवलेलं प्रकरण नाही. 1957 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हातून संकलन काढून घेतलं, काही दृश्यं दुसऱ्याकडून चित्रित करून घेतली. स्टुडिओने संकलित केलेली प्रत पाहून वेल्सने 58 पानी टिपण लिहिलं, काय बदलावं ते कळकळीने सांगितलं. स्टुडिओने त्यातलं बहुतेक दुर्लक्षित केलं. चाळीस वर्षांनी संकलक वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम पुन्हा संकलन केलं.

फरक पहिल्याच शॉटमध्ये कळतो. गाडीत बॉम्ब, सलग तीन मिनिटांहून लांब शॉट. 1958 मध्ये प्रदर्शित झालेल्या प्रतीत त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. 1998 मध्ये नावं आणि ते संगीत हटवलं, त्यामुळे रस्त्यावरच्या बारमधून आणि गाड्यांच्या रेडिओतून येणारे सूर ऐकू येतात. ताण कितीतरी वाढतो!

तिसरी, 108 मिनिटांची प्रीव्ह्यू (प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवलेली) प्रत सत्तरच्या दशकात सापडली. ती सर्वांत शेवटी पाहिलीत तरी चालेल. 2008 च्या डीव्हीडी संचात तिन्ही आहेत, 2014 च्या ब्लू-रेवरही. विकत घेताना मात्र तिन्ही आहेत ना, हे वेष्टनावर जरूर तपासा. 2000 च्या डीव्हीडीवर फक्त 1998 ची आहे.