वाचकांचे प्रश्न : एका पानाची पांढरी आमरी

प्रश्न : जुलैच्या पहिल्या आठवड्यात मावळातील एका पठारावर आखूड गवतात एक पांढरे रानफूल दिसले. जमिनीला चिकटलेले एकच गोल पान आणि त्यातून निघालेल्या दांड्यावर दोन फुले, असे त्याचे रूप होते. सोबतच्या वाटाड्याने ती पांढरी मुसळी असल्याचे सांगितले. सप्टेंबरमध्ये कासला तसेच, पण मागे लांब शेपूट असलेले फूल पाहिले. दोन्ही वनस्पती एकच का? कंद आणून कुंडीत लावता येईल का? छायाचित्रे सोबत जोडली आहेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही फुले मुसळीची नाहीत आणि एकाच वनस्पतीचीही नाहीत. दोन्ही जमिनीवर वाढणाऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, असून हॅबेनेरिया या एकाच प्रजातीतील दोन वेगळ्या जाती आहेत.

मुसळीचा गैरसमज आधी दूर करू, कारण मुसळीचे औषधी कंद समजून आमरी उकरली जाते आणि तो वनस्पतीच्या जिवावर बेततो. मुसळीच्या फुलाला सारख्या आकाराच्या सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध सहा पिवळे पुंकेसर असतात, तर पाने लांब पट्ट्यांसारखी असून त्यांचा झुबका असतो. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये वर्णन केलेल्या मुसळीच्या एका जातीला तर बोरिवलीवरूनच ‘बोरिविलिएनम’ हे नाव मिळाले आहे. आपल्या छायाचित्रातले फूल असे चहूबाजूंनी सारखे नाही. त्याची डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळते, पण वरची बाजू खालच्या बाजूशी जुळत नाही. खालची पाकळी तीन भागांत विभागलेली आहे आणि पुंकेसर वेगळे दिसतच नाहीत, कारण आमरीत ते स्त्रीकेसराशी जोडून मध्यभागी एकच स्तंभ झालेला असतो.

आता आपले पहिले फूल. पावसाच्या सुरुवातीलाच उमलणारी, जमिनीवर सपाट पसरलेले, जाडसर, गोलसर हृदयाकृती असे बहुधा एकच पान असणारी आणि दांड्यावर एक ते तीन फुले धरणारी ही हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस आहे. इथे फुलापेक्षा पान अधिक खात्रीचे ठरते. आपण फक्त वरून छायाचित्र घेतले आहे, पण कोपऱ्यात गवताआडून पानाची कड डोकावते आहे म्हणून हे उत्तर देता आले. ती नसती तर मी प्रजातीच्या नावावरच थांबलो असतो.

कासचे फूल बाजूने टिपले आहे, हे फार चांगले झाले. फुलामागे लोंबणारे ते ‘शेपूट’ म्हणजे शुंडिका, मध साठवणारी पोकळ नळी. आपण शेजारी धरलेल्या पेनशी तुलना केली तर ती 10 सेंटिमीटरहून लांब भरते. हॅबेनेरिया लाँगिकॉर्निक्युलाटा या नावात तिचेच वर्णन आहे : लांब शिंगाची. जुलैच्या फुलाची शुंडिका याच्यापुढे अगदीच तोकडी असते. पांढरी, लांब नळीची फुले अंधारातही दिसतात आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग त्यांतला मध पिताना परागकणांचे पुंजके वाहून नेतात, असे आमऱ्यांमध्ये अनेकदा आढळते. त्याच छायाचित्रात फुलाखाली जो पीळ पडलेला हिरवा देठ वाटतो, तो देठ नसून अंडाशय आहे. त्या पिळामुळेच फूल उलटे फिरून खालची पाकळी कीटकासमोर येते.

घाटात आणखी एक पांढरी आमरी भेटते, ती वाघचौरा. तिचे फूल या दोन्हींपेक्षा बरेच मोठे असून खालच्या पाकळीचे बाजूचे भाग कंगव्यासारखे झालरदार असतात, त्यामुळे एकदा पाहिल्यावर सहसा घोटाळा होत नाही. एकाच बाजूला दाटीने रांग धरणारी लहान फुले दिसली, तर ती हॅबेनेरिया हेनिएना असण्याचा संभव अधिक. टूथब्रशची उपमा तिला अगदी चपखल बसते.

पुढच्या वेळी प्रत्येक झाडाची तीन छायाचित्रे घ्यावीत : समोरून फूल, बाजूने शुंडिका आणि बुडाशी पाने. मापासाठी नाणे चालेल. फूल तोडण्याची गरज पडत नाही.

कंद मात्र कृपया उकरू नये. या आमऱ्या दरवर्षी जुना कंद वापरून संपवतात आणि पुढच्या पावसासाठी त्याच्या शेजारी नवा तयार करतात. फुलाच्या वेळी झाड उपटले की दोन्ही हातचे जातात. बियांवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण त्या धुळीइतक्या बारीक असतात, त्यांत अन्नसाठा नसतो आणि योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय निसर्गात त्या रुजत नाहीत. कुंडीतल्या मातीत ती बुरशी नसते, आणि कातळावरचा चार महिन्यांचा पाऊस व नंतरचा कोरडा काळही कुंडीत जुळवून आणणे कठीण असते.