घरच्या कन्सोलसाठी आर्केड स्टिक, म्हणजे लीव्हर-बटणांची पेटी, स्वतः बनवायची आहे. गेट चौकोनी ठेवू की अष्टकोनी? अष्टकोनीवर हात छान गोल फिरतो म्हणतात. पेटी कशाची करू? पीएस-४ वर चालेल ना? मी म्हापशाला राहतो.

गेट, म्हणजे लीव्हरच्या बुडाला दांड्याला अडवणारी चौकट, चौकोनीच ठेवा. सॅनवा कंपनीचा जेएलएफ लीव्हर घ्याल तर त्याला तोच लावलेला येतो, अष्टकोनी वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. ते पैसे पेटीवर घाला.

एवढं लिहून थांबणार होतो. पण "अष्टकोनीवर हात छान गोल फिरतो म्हणतात" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

हे वाक्य माझ्या आतेभावाचं. वास्कोला असतो, माझ्याहून मोठा, सगळे त्याला भाई म्हणतात. नव्वदच्या दशकात शाळेला सुट्टी लागली की तो फोंड्याला आमच्याकडे यायचा आणि बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असायचा. रुपयाला एक डाव. आधी मुस्तफा, मग 'किंग ऑफ फायटर्स ९७'. एका रुपयात तो मशीन इतका वेळ अडवून ठेवायचा की दुकानदार वैतागून मेन स्विचकडे बघू लागायचा. हे खरं आहे, त्याची कीर्ती मी नाकारत नाही, मीच तर मागे उभा राहून बघत असायचो. त्या मशीनचे लीव्हर लोखंडी, सैल, वर लांबट मूठ आणि खाली गोल भोक. दांडा त्या भोकाच्या कडेकडेने गरगर फिरायचा. भाई त्या फिरण्यालाच खेळणं समजतो. अजूनही.

तुमचा लीव्हर घरी आला की पेटीबिटी करण्याआधी एक करा. टीव्ही बंद, पंखा बंद. लीव्हर टेबलावर घट्ट धरा, दांडा दोन बोटांत घ्या आणि अगदी हळू उजवीकडे न्या. आधी 'टिक' वाजेल. तो मायक्रोस्विच. 'उजवीकडे' हा हुकूम कन्सोलला तिथेच गेला. दांडा अजून थोडा पुढे जातो आणि मग 'टक' करून अडतो. ती गेटची भिंत. टिक आणि टक यांच्या मधला प्रवास पूर्ण फुकटचा आहे, त्यातून कन्सोलला काहीही कळत नाही. गेट चौकोनी असो नाहीतर अष्टकोनी, टिक वाजायची जागा बदलत नाही, बदलते ती फक्त टकची. चौकोनात तिरक्या दिशेला दांडा जास्त आत जातो, अष्टकोनात तो कोपरा कापलेला असतो. बस, इतकाच फरक. ज्याचा हात टिकवर खेळतो त्याला भिंत लागतच नाही. ज्याला भिंत घासत खेळायची सवय आहे त्याला चौकोनाचे कोपरे बोचतात, आणि तो दोष गेटला देतो.

हे मी भाईला शंभरदा सांगून पाहिलं. मग आली चवथ. आमचं मूळ घर सावईवेऱ्याला, पाच दिवसांचा गणपती, म्हणजे पाच दिवस सगळी भावंडं एका छपराखाली. रात्रीची आरती आटोपली की ओसरीवर टीव्ही लागतो आणि माझी स्टिक या मांडीवरून त्या मांडीवर फिरते. नेवरी खाल्लेल्या हाताने लीव्हरचा गोळा धरायचा नाही एवढा एकच नियम मी घातला होता, तो कोणी पाळला नाही. तेही सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टिक घेऊन बसलो आणि दांडा हलवताक्षणी कळलं की कोपरे गेले. भाईने रात्री पेटी उलटी करून, खालचं झाकण काढून, गेट बदलून टाकला होता. वास्कोहून येतानाच खिशात घालून आणलेला. न विचारता! वर म्हणतो, "आतां पळय हात कसो फिरता."

मी वाद घातला नाही. 'स्ट्रीट फायटर ६' चा ट्रेनिंग मोड लावला. त्यात तुम्ही दिलेला प्रत्येक हुकूम पडद्याच्या कडेला बाण होऊन उमटतो आणि तो किती फ्रेम टिकला त्याचा आकडाही शेजारी येतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. लपवालपवीला जागाच नाही. भाईला म्हटलं, हाडुकेन मार. खाली, तिरकं, पुढे आणि मुठीचं बटण. निघाला तर निघाला, नाहीतर नुसताच गुद्दा. आणि गुद्दा आला की कडेला प्रत्येक वेळी तीच गोष्ट लिहिलेली: खाली, तिरकं, तिरक्यावरच मुठीचं बटण, आणि 'पुढे' चा बाण त्याच्यानंतर. म्हणजे डावा हात आपलं काम बरोबर करत होता. घाई उजव्याला होती. अष्टकोनी काढून चौकोनी घातला. तेच. परत अष्टकोनी घातला. तेच.

यावर भाईचं उत्तर काय, तर "तुझा टीव्ही लेट आहे." टीव्ही लेट असेल, असतातच, गेम मोड लावला नाही तर जास्तच. पण लेट टीव्ही सगळंच उशिरा दाखवतो, बटण आधी आणि बाण नंतर असा क्रम तो आपल्या मनाने लावत नाही. हे मी समजावत होतो तेवढ्यात आतेने जेवायला हाक मारली आणि भाई उठला. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी कसलाही टीव्ही विकत घ्यायचा म्हटलं की तो माझ्या नावाने स्मायली टाकतो.

तर गेटवर पैसे घालू नका, ट्रेनिंग मोडमध्ये बसा. लहान कंस, कारण कोणीतरी प्रतिक्रियांत येऊन सांगणारच: झांगीफसारखी गोल चक्कर मारावी लागणारी पात्रं खेळणाऱ्या काहींना अष्टकोनी सोयीचा वाटतो, वाटू दे. आणि 'टेकन' हा गेम खेळणारे जो कोरियन लीव्हर वापरतात त्याची गोष्टच वेगळी, त्यात स्प्रिंगऐवजी रबर असतं आणि खाली गोल कडं. भाईने तो घ्यावा. त्याला तेच हवंय, फक्त कबूल करायचं नाही. चौकोनी गेटची आणखी एक सोय म्हणजे ४५ अंशांत फिरवून बसवला की जुन्या चार दिशांच्या गेमना चालतो.

आता पेटी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घेऊ नका. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत एमडीएफ कापताना दिसतात, त्यांना कापू दे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर भिंतीलाही घाम असतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा ते पाणी पितात, फुगतात, आणि मग स्क्रू धरत नाहीत. आयएस ७१० छापलेलं मरीन प्लाय घ्या, किंवा जुन्या घराचा फणस मिळाला तर फणस. मला फणस मिळाला.

आमचा मेस्त दारं-खिडक्या करणारा माणूस. त्याला मी कागदावर पेटी काढून दिली, तर बाजूंना काही म्हणाला नाही, पण वरच्या झाकणाची जाडी वाचून त्याने चष्मा काढला. "तीन मिलिमीटर? हें मोडटलें मरे!" त्याला अठरा मिलिमीटरची फणसाची फळी घालायची होती. दिसली असती सुंदर, पण सॅनवाची ओबीएसएफ-३० बटणं खटकन बसणारी असतात, त्यांच्या बाजूच्या खिट्या पातळ पत्रा धरण्यासाठी केलेल्या असतात. अठराच्या फळीत त्या कशाला पकडणार? आणि लीव्हर जाड फळीखाली लावला तर दांड्याची वर उरणारी उंची एवढीशी होते, मूठ बसत नाही. शेवटी तोड अशी काढली: वर तीन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, खाली त्याला आधार म्हणून बारा मिलिमीटरचं प्लाय, आणि त्या प्लायला लीव्हर आणि बटणांच्या जागी मोठ्या खिडक्या. पत्रा वजन घेत नाही, प्लाय घेतं. मेस्ताने हाताने दाबून पाहिलं, अंगठ्याने ठोकून पाहिलं, आणि मग कुठे चष्मा परत डोळ्यांवर गेला.

एक गोष्ट त्याने मला न विचारता केली. पुढची कड, जिथे मनगटं टेकतात, ती रंध्याने उतरती केली आणि पॉलिश पेपरने घासून घासून गोल केली. मी कागदावर काटकोन काढला होता. तासभर खेळल्यावर मनगटावर वळ उठत नाहीत ते त्या कडेमुळे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवर जेवढं वाचाल त्याच्या निम्मं या कडेवर वाचा, असं म्हटलं असतं, पण या कडेवर कोणी लिहीतच नाही.

मापं: पत्र्यात लीव्हरला २४ मिलिमीटरचं भोक, आठ मुख्य बटणांना ३० चं, स्टार्ट वगैरेला २४ चं. भोकं होल सॉने पाडायची, खाली टाकाऊ फळी क्लॅम्प करून, नाहीतर कड फाटते. बटणांची मांडणी टायटो कंपनीच्या व्ह्यूलिक्स या आर्केड मशीनची घ्या, पण आधी मूळ आकारात कागदावर छापून जेवणाच्या टेबलावर चिकटवा आणि दोन्ही हात ठेवून बघा. रुंदी चाळीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. हलकी पेटी मांडीवर सरकते, म्हणून दोन किलोच्या खाली जाऊ नका, बुडाला रबर शीट. अ‍ॅल्युमिनियमचं काम म्हापशात कुठलाही फॅब्रिकेशनवाला करील. लीव्हर आणि बटणं मात्र बाहेरूनच मागवायची, ती इथे दुकानात मिळणार नाहीत.

वायरिंग लोकांना वाटतं तेवढं मोठं प्रकरण नाही. प्रत्येक स्विचचा एक पाय ग्राउंडला, तो एकच तार सगळ्या बटणांतून माळेसारखा ओवत न्यायचा, दुसरा पाय कन्सोलला हुकूम पोचवणाऱ्या बोर्डावरच्या त्याच्या त्याच्या पिनला. सोल्डरिंग बटणांना करू नका, प्लास्टिक वितळून पाय हलतो. लग, म्हणजे तारेला दाबून बसवायची टोकं, वापरा, पण बाईकच्या वायरिंगवाल्याकडे सर्रास मिळतात ते ६.३ मिलिमीटरचे, सॅनवाच्या बटणांना २.८ लागतात. समुद्राजवळ राहत असाल तर लग दाबून झाल्यावर वर हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा, खारी हवा पितळेला हिरवं करते. लीव्हर वर ढकलला की आतला खालचा स्विच दाबला जातो, कारण दांडा मधल्या टेकूवर डुलतो. हे माहीत नसलं की माणूस वर-खाली उलटं जोडतो आणि बोर्डाला शिव्या घालतो.

बोर्डाबद्दल माझं मत तुटक आहे. 'झिरो डिले' नावाने जे स्वस्त बोर्ड (एन्कोडर) मिळतात ते नावाला जागत नाहीत. रास्पबेरी पाय पिको, २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला इवलासा बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकटचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचं सॉफ्टवेअर, घातलं की पीसी आणि निन्टेन्डो स्विच कन्सोलवर उत्तम चालतो. तो दर मिलिसेकंदाला कन्सोलशी बोलतो. त्याहून कमी डिलेच्या मागे लागणाऱ्यांनी भाईला भेटावं.

पीएस-४ चं शेवटी ठेवलं, कारण तिथे थोडी गोची आहे. पीएस-४ जोडलेल्या साधनाकडे परवान्याची ओळख मागतो. ती नसलेली स्टिक सुरुवातीला गुपचूप चालते आणि साधारण आठ मिनिटांनी बंद पडते, नेमकी दुसऱ्या फेरीच्या मध्यावर. पिकोवर त्याला उपाय आहे, वेगळा यूएसबी पोर्ट काढून त्यात परवाना असलेलं साधन जोडायचं आणि ओळख त्याच्याकडून द्यायची. पण पहिलीच स्टिक असेल तर त्या भानगडीत पडू नका, ब्रुकचा युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड घ्या, तो पीएस-४ ला सरळ चालतो. महाग आहे, पिकोच्या कितीतरी पट. तुमच्याकडे पीएस-५ येणार असेल तर बोर्ड आत्ताच मागवू नका, कारण पीएस-५ ची ओळख मागायची पद्धत पुन्हा वेगळी आहे आणि पीएस-४ साठीचा बोर्ड तिथे सगळ्या गेमना चालत नाही. पेटी तोवर करून घ्या. मेस्त पावसाळ्यातच मोकळे असतात, दिवाळीनंतर कोणी फोन उचलत नाही.