मुलाला लिफ्टच्या कामाला घालू का?

प्रश्न : मुलगा दहावी झाला. आयटीआयला 'लिफ्ट अँड एस्केलेटर मेकॅनिक' ट्रेड मिळतोय. पण आमच्या चाळीतला एक मुलगा लिफ्ट दुरुस्त करताना खाली पडला, पाय मोडून चार महिने घरी बसलाय. पाठवू की नको? – एक आई, कल्याण

ताई, त्या मुलाला आधी एवढंच विचारा : पडला तेव्हा सोबत दुसरा माणूस होता का? बहुतेक 'नाही' म्हणेल.

कामात धोका आहेच. मेकॅनिक लिफ्टच्या डोक्यावर, कारटॉपवर उभा असतो, नाहीतर खाली पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. आणि बाजूने काउंटरवेट, म्हणजे लिफ्टचा तोल सांभाळणारं जड वजन, उलट दिशेने सरकत असतं. कारटॉपवरचा इन्स्पेक्शन स्विच टाकला की लिफ्ट फक्त त्याच्या बटणावर, हळू चालते. पिटमध्ये उतरताना तिथला स्टॉप स्विच दाबायचा. पाच सेकंदांचं काम. पण सेक्रेटरी घड्याळ बघत उभे, पुढच्या तीन सोसायट्यांचे फोन चालू, की तेवढंच राहून जातं. त्याहून वाईट जंपर. दाराचं लॉक तपासायला वायरचा तुकडा लावून ते बायपास करतात. तो काढायचा राहिला, तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालते! माझा एक जुना विद्यार्थी जंपरला हातभर लांब लाल वायरच वापरतो. लोंबताना दिसली पाहिजे, म्हणतो.

(सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला लिफ्ट कोसळून सात कामगार गेले, ती बांधकामावरची लिफ्ट होती. ते काम वेगळं.)

ट्रेड घ्या. दोन वर्षांत वायरिंगही येतं, मेकॅनिकलही. फक्त उंचीवर पोराचे पाय लटपटतात का, ते आत्ताच बघा. खरी निवड पुढे आहे. अॅप्रेंटिसशिपचा करार नोंदलेलाच हवा : अॅप्रेंटिसला ईएसआय (पगारातून कापला जाणारा कामगार विमा) नसतं, पण कामावर लागलं तर भरपाई कायद्याने मालकाच्या अंगावर येते. नोकरीच्या मुलाखतीत त्याने बेधडक विचारावं, कॉलवर एकटं पाठवता का? हार्नेस (उंचीवर बांधायचा सुरक्षापट्टा) कंपनीचा का? हसण्यावारी नेलं, तर तिथे जाऊ नये. पगार दोन हजारांनी जास्त असला तरी.

आणि शेजारच्या मुलाचं. त्याचं ईएसआय कापलं जात होतं का? असेल तर कामावरच्या इजेसाठी, बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. मालकाने अपघात कळवलाय का ते विचारा. नसेल तर डॉक्टरांचे कागद घेऊन त्याच्या घरच्या कुणीतरी याच आठवड्यात ईएसआयच्या शाखा कार्यालयात जावं.