‘ॲक्शन’ कोणावर आणि कशावर?

सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: ‘४० बेअरिंग खराब निघाली म्हणून पुरवठादाराला मेल केला, “प्लीज टेक ॲन ॲक्शन अगेन्स्ट अवर कम्प्लेंट”. साहेब म्हणाले, वाक्य चुकलं. यात नेमकं काय चुकलं?’

‘ॲन’चं आधी उरकतो. या अर्थाने ‘ॲक्शन’ मोजत नाहीत. आपणही ‘एक कारवाई करा’ असं म्हणत नाही. ‘टेक ॲक्शन’ पुरे. (कोर्टात दावा लावण्याला ‘ब्रिंग ॲन ॲक्शन’ म्हणतात, तिथे मात्र ‘ॲन’ हवंच.)

खरी गोम ‘अगेन्स्ट’मध्ये आहे. ‘टेक ॲक्शन अगेन्स्ट’ म्हणजे कोणाला तरी दोषी धरून त्याच्यावर कारवाई करणं. म्हणजे या मेलमध्ये तुम्ही तुमच्याच तक्रारीला आरोपी केलंत! हवं होतं ‘ऑन’: तक्रारीची दखल घ्या, तिचं काहीतरी करा.

ही चूक का होते, तर मराठीत दोन्हीकडे ‘वर’च लागतो. चोरावर कारवाई, अर्जावर कार्यवाही. आपण फरक दाखवतो तो नाम बदलून. ‘कारवाई’ फारसीतून आली आणि तिला आता शिक्षेचा वास आहे. ‘कार्यवाही’ संस्कृत वळणाची, नुसतं काम पुढे सरकवणारी. इंग्रजीत नाम एकच, ‘ॲक्शन’, म्हणून सगळा भार त्या चिमुकल्या शब्दयोगीवर येतो. त्यात स्टोअरमधल्या माणसाच्या कानात दिवसभर ‘पेमेंट अगेन्स्ट इन्व्हॉइस’ घुमत असतं. तिथे ‘अगेन्स्ट’ म्हणजे ‘च्यापोटी’, आणि ते बरोबरच आहे. तोच ‘अगेन्स्ट’ नकळत तक्रारीला चिकटला.

उलट बाजूची चूक मला जास्त खुपते. ‘आमच्या अर्जावर कारवाई व्हावी’ हे वाक्य नाशिकमधल्या कितीतरी सोसायट्यांच्या पत्रांत मी लाल शाईने दुरुस्त केलं आहे. पाण्याची पाइपलाइन बदलून हवी असेल तर अर्जावर ‘कार्यवाही’ व्हायला हवी. ‘कारवाई’ होईल ती पाइपलाइन फोडणाऱ्यावर.

तुमच्या मेलमध्ये ‘टेक ॲक्शन ऑन अवर कम्प्लेंट’ शुद्ध आहे. पण मी असतो तर ‘ॲक्शन’ हा शब्दच गाळला असता आणि काय हवं ते सरळ लिहिलं असतं: ‘प्लीज रिप्लेस द ४० बेअरिंग्ज बाय फ्रायडे.’